दुसऱ्या सीटचे विमान

नॅट म्हटले की भारतीय वाचकाला १९६५ आणि १९७१ ही दोन साले आठवतात. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर चालून आलेल्या सेबर विमानांशी फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीतसिंग सेखों झुंजले ते नॅटमधूनच. हवाई दलाच्या वाट्याला आलेले एकमेव परमवीरचक्र त्यांचे आहे. पण हे विमान जिथे जन्मले त्या ब्रिटनमध्ये नॅटची ओळख वेगळी आहे. टेडी पेटर यांनी आखलेले हे एका वैमानिकाचे हलके लढाऊ विमान ब्रिटिश हवाई दलाने घेतलेच नाही. मग फॉलंड कंपनीने त्यात दुसरी सीट बसवली, पंख मोठे केले आणि ३१ ऑगस्ट १९५९ रोजी नॅटचा शिकवण्यासाठीचा अवतार आकाशात गेला. हा मात्र पसंत पडला. अशी १०५ विमाने बांधली गेली. वेल्समधल्या व्हॅली तळावर तरुण वैमानिक त्यांवर तयार झाले, आणि १९६५ ते १९७९ या काळात रेड ॲरोज या कसरती पथकाने हीच विमाने लाल रंगवून मिरवली.

त्यांतली मोजकी विमाने आजच्या काळातही उडत राहिली. लंडनच्या ईशान्येला एसेक्स परगण्यात नॉर्थ वील्ड नावाचा जुना लढाऊ तळ आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांशी लढायला इथून हरिकेन उडायची. आता ही धावपट्टी स्थानिक जिल्हा परिषदेच्या मालकीची आहे आणि भोवतालच्या हँगरांमध्ये नॅट, जेट प्रोव्होस्ट, स्ट्राइकमास्टर अशी निवृत्त लष्करी जेट विमाने खासगी मालकांनी सांभाळली आहेत. या प्रकरणाचा विषय आहे अशा विमानांची छायाचित्रे काढण्याची कला. त्यात कॅमेऱ्याइतकेच महत्त्व आहे ते विमानातल्या दुसऱ्या सीटला.

मुळात ही विमाने सामान्य माणसाच्या हाती आली ती त्या सीटमुळेच. शिकाऊ वैमानिकाच्या चुका पोटात घालायच्या, म्हणून प्रशिक्षण विमान स्वभावाने शांत, बांधणीने दणकट आणि दुरुस्तीला सोपे ठेवतात. अतिवेगवान लढाऊ जेट विकत घेऊन पोसणे बड्या धनिकालाही परवडत नाही. जेट प्रोव्होस्टचे तसे नाही. १९९३ साली ब्रिटिश हवाई दलाने ही विमाने सेवेतून काढली आणि ती विक्रीला आली. त्याच सुमाराला पूर्व युरोपातली राजवट कोसळल्यामुळे चेकोस्लोव्हाकियाची एल-२९ डेल्फिन आणि एल-३९ अल्बाट्रॉस ही विमाने जगाच्या बाजारात उतरली. एल-३९ पहिल्यांदा उडाले ४ नोव्हेंबर १९६८ रोजी, आणि पुढे ती हजारोंच्या संख्येने बनली. आता अमेरिकेत हौशी मालकांकडे सर्वांत जास्त दिसणारे जेट ट्रेनर हेच. विमान विकत घेणे हा खर्चाचा लहान भाग आहे. ते तासाला शेकडो लिटर इंधन पिते, आणि सुटे भाग शोधणे हा मालकाचा जन्मभराचा उद्योग होऊन बसतो. म्हणून बहुतेक विमाने एकट्याची नसतात. चारसहा जण मिळून, किंवा एखादा ट्रस्ट, ती चालवतो. छायाचित्रकाराने हे ध्यानात ठेवावे, कारण त्याला परवानगी मागायची असते ती अशाच एखाद्या मंडळाकडे.

आता विमानाकडे पाहू. दुसरी सीट कुठे बसवली आहे यावर विमानाचा चेहरा ठरतो, आणि चेहऱ्यावर फोटोचा कोन.

अमेरिकेचे टी-३३ घ्या. लॉकहीडच्या पी-८० या एकट्या वैमानिकाच्या जेटचे धड सुमारे १ मीटरने लांबवून मागे दुसरी सीट बसवली, आणि २२ मार्च १९४८ रोजी ते उडाले. अमेरिका, कॅनडा आणि जपान मिळून अशी साडेसहा हजारांहून अधिक विमाने बनली. कॅनॉपीची लांबलचक काच हे त्याचे वैशिष्ट्य आहे. ते बरोबर बाजूनेच टिपावे, म्हणजे दोन शिरस्त्राणे एकामागे एक दिसतात आणि हे विमान कशासाठी आहे ते ओळ न लिहिता कळते. एल-३९ मध्ये मागची सीट पुढच्यापेक्षा उंच आहे, कारण शिक्षकाला शिष्याच्या डोक्यावरून धावपट्टी दिसली पाहिजे. ही पायरी आणि खाली झुकलेले टोकदार नाक किंचित पुढून, किंचित खालून घेतले की उठून दिसते. फ्रान्सच्या फूगा मॅजिस्टरमध्ये मागच्या सीटवरून पुढचे नीट दिसत नव्हते. त्यावर फ्रेंचांनी काढलेला उपाय अगदी त्यांच्या स्वभावाचा होता. त्यांनी मागच्या शिक्षकाला चक्क पेरिस्कोप दिला! मॅजिस्टरची शेपटीही इंग्रजी व्ही अक्षरासारखी, तेव्हा पाठीमागून तिरका कोन घेणाऱ्याला दोन्ही वैशिष्ट्ये एका चौकटीत मिळतात.

जेट प्रोव्होस्ट, स्ट्राइकमास्टर आणि व्हॅम्पायरची दोन सीटांची आवृत्ती यांचा प्रकार निराळा. इथे गुरू-शिष्य शेजारी शेजारी बसतात. त्यामुळे विमानाचे तोंड रुंद होते, आणि बाजूने काढलेल्या फोटोत ते स्थूल, जरा बावळट दिसते. दोष विमानाचा नाही. गुडघ्यावर बसून समोरून किंवा तिरक्या कोनातून घेतले की त्याच रुंदीला वजन येते. व्हॅम्पायरच्या बाबतीत आणखी एक खुबी आहे. त्याचा वैमानिक कक्ष असलेला पुढचा भाग लाकडी आहे, प्लायवूड आणि बाल्साचा. जवळून घेतलेल्या फोटोत तिथे धातूच्या पत्र्यासारख्या रिव्हेटच्या रांगा दिसत नाहीत, गुळगुळीत रंगवलेला पृष्ठभाग दिसतो. सकाळच्या तिरप्या उन्हात धड आणि धातूचे पंख यांतला हा फरक छान उमटतो.

प्रदर्शनांत ही विमाने पुष्कळदा एकच वैमानिक उडवतो आणि दुसरी सीट रिकामी राहते. टी-३३ किंवा एल-३९ च्या फोटोत ती रिकामी सीट डोळ्यांना खुपते. मालकाशी ओळख झाली असेल तर आधी विचारावे. तंत्रज्ञ, मालकांपैकी कुणी, कुणीतरी मागे बसायला तयार असतेच.

जमिनीवर काम करताना पहिला नियम कॅमेऱ्याचा नाही, खिशाचा आहे. जेट इंजिन हवा ओढते आणि हवेबरोबर लेन्सचे झाकण, टोपी, पेनही ओढते. पात्यांवर आपटलेली एवढीशी वस्तू इंजिन निकामी करू शकते, आणि अशा जुन्या इंजिनाला बदली मिळणे दुर्मीळ असते. म्हणून विमानांच्या रांगेत जाताना भडक रंगाचे जाकीट घालतात, सैल वस्तू मागे ठेवतात, हवा ओढणाऱ्या तोंडापुढून आणि झोताच्या मागून चालत नाहीत. एल-३९ चे हवेचे झरोके मुद्दाम धडावर उंच, मागच्या सीटच्या पाठीशी ठेवले आहेत, कारण ते कच्च्या धावपट्टीवरूनही उडावे अशी अपेक्षा होती. छायाचित्रकाराच्या दृष्टीने एल-३९ आणखी एका कारणाने सोयीचे. त्याचे मुख्य इंजिन सुरू करण्याआधी पोटातले साफिर नावाचे छोटे टर्बाइन चालू होते. त्याची किणकिणती शीळ ऐकू आली की तिपाई आवरून ठरलेल्या जागी उभे राहायला वेळ मिळतो.

इंजिन सुरू होण्यापूर्वीची दहापंधरा मिनिटे सर्वांत मोलाची, असे माझे मत आहे. इजेक्शन सीटच्या सुरक्षा पिना निघताहेत, त्यांच्या लाल फिती मोजून पिशवीत जाताहेत, वैमानिक शिडीवर उभा राहून सीटची पाहणी करतोय. उडणारे विमान शेकडो जण टिपतात. ही धावपळ टिपायला मात्र कुंपणाच्या आत असावे लागते, आणि आत येऊ देणारा माणूस आधी तुमची वागणूक पाहतो, लेन्स नंतर.

विमान उडाले की तांत्रिक अडचणी सुरू होतात. पंख्याच्या विमानाचा फोटो काढताना शटर स्पीड १/२५० किंवा त्याहून कमी ठेवावा लागतो, नाहीतर फिरता पंखा थिजतो. जेटला ती अट नाही, म्हणून नवखा माणूस सरळ १/२००० वर जातो. फोटो कडक येतो, पण विमान दोरीला टांगलेल्या खेळण्यासारखे दिसते. जेटमध्ये बाहेरून फिरताना दिसणारे काहीच नसल्यामुळे गती दाखवायची ती पार्श्वभूमीतून. धावपट्टीवरून सुटणाऱ्या विमानाबरोबर कॅमेरा फिरवत १/१२५ च्या आसपास पॅनिंग केले तर गवत आणि झाडे रेघांसारखी ओढली जातात आणि विमान ठसठशीत राहते. दहातले आठ फोटो हलतात. ते तसेच असते. उंचावर, नुसत्या आभाळापुढे, १/१००० च्या पुढे जायला हरकत नाही, कारण तिथे ओढायला पार्श्वभूमीच नाही.

दुसरी अडचण उन्हाच्या झळांची. दुपारी तापलेल्या डांबरावरून ५०० मिलिमीटरच्या लेन्सने दूरचे विमान घेतले तर लेन्स कितीही महाग असो, चित्र पाण्याखाली असल्यासारखे थरथरते. याला सॉफ्टवेअरचा इलाज नाही. सकाळी जावे, किंवा जवळ जावे. झोताच्या मागे सापडलेले विमानही असेच वितळते. चार विमानांच्या रचनेत मागचे विमान पुढच्याच्या धुरकट उष्णतेतून दिसते, म्हणून रचना वळेपर्यंत थांबलेले बरे. प्रकाशाचे गणितही सांभाळावे लागते. ढगाळ पांढऱ्या आभाळावर कॅमेऱ्याचा मीटर फसतो आणि विमान काळे पडते, तेव्हा एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवावे. रेड ॲरोजच्या रंगातल्या नॅटला मात्र हेच वाढीव एक्स्पोजर उन्हात महागात पडते. लाल रंग इतर रंगांआधी फुटतो आणि पृष्ठभागाचा तपशील निघून जातो. पडद्यावर फोटो छान दिसला तरी लाल रंगाचा आलेख वेगळा तपासावा.

ब्रिटनमधल्या प्रदर्शनांत या विमानांचे जवळून, कलत्या वळणावरचे फोटो पूर्वीइतके मिळत नाहीत, याला एक दुःखद कारण आहे. २२ ऑगस्ट २०१५ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर शोरम इथे हॉकर हंटर टी-७ हे शेजारी शेजारी दोन सीटांचे खासगी जेट गिरकी पूर्ण करू शकले नाही आणि ए-२७ या रहदारीच्या रस्त्यावर कोसळले. ११ जण मेले. ते प्रदर्शनाचे तिकीट काढून आत बसलेले प्रेक्षक नव्हते. रस्त्यावरून जाणारे आणि कडेला उभे राहून विमाने पाहणारे लोक होते. वैमानिक वाचला. दोनच दिवसांनी तिथल्या नागरी विमान प्राधिकरणाने जुन्या जेट विमानांच्या जमिनीवरून होणाऱ्या हवाई कसरतींवर बंदी घातली आणि त्यांना साध्या फेऱ्यांपुरते मर्यादित केले. पुढे प्रदर्शनांचे नियम एकूणच कडक झाले. काही छायाचित्रकार यावर कुरकुर करतात. मला ती कुरकुर पटत नाही. फोटो लांबून आला तर मोठी लेन्स घ्यावी, आणि कुंपणाबाहेर, विमानाच्या मार्गाखाली फुकटची जागा शोधण्याचा मोह तर कायमचा सोडावा.

जवळून फोटो हवा असेल तर खरा रस्ता आकाशातून जातो. एक विमान छायाचित्रकाराला नेणारे, दुसरे टिपले जाणारे. मागचे दार उघडे ठेवून उडणारे शॉर्ट स्कायव्हॅन या कामासाठी युरोपात लोकप्रिय आहे, पण त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपासच. त्याच्या मागे राहायचे तर जेटला आपली चाल मोडून हळू उडावे लागते. हळू उडताना ते नाक वर उचलते, आणि फोटोत शेपटीवर बसल्यासारखे दिसते. सरळ पंखांच्या जेट प्रोव्होस्टला हे जमते. मागे वळलेल्या पंखांच्या नॅटला जड जाते. म्हणून जेटचा खरा देखणा फोटो दुसऱ्या जेटमधूनच निघतो, आणि इथे दुसरी सीट पुन्हा उपयोगी पडते.

जपानी छायाचित्रकार कात्सुहिको तोकुनागा यांनी १९७८ मध्ये टी-३३ मधून पहिल्यांदा हवेतल्या हवेत विमाने टिपली आणि तोच आपला व्यवसाय केला. मागच्या सीटवर पट्ट्यांनी जखडून बसायचे, मान वळवून शूट करायचे. कागदावर सोपे वाटते. प्रत्यक्षात दीड किलोचा कॅमेरा ४ जी वळणात ६ किलोचा होतो, आणि डोळा व्ह्यूफाइंडरला लावून विमान कलंडले की भल्याभल्यांना मळमळते. कॅनॉपीची काच वक्र असते, म्हणून लेन्स काचेच्या अगदी जवळ न्यावी पण टेकवू नये, कारण ओरखडा पडला तर भरपाई मागणारा माणूस पुढच्याच सीटवर असतो. प्रतिबिंबे टाळायला काळे हातमोजे आणि गडद पोशाख घालतात. पोलरायझर फिल्टर लावू नये. ताणून घडवलेल्या ॲक्रिलिकमधला ताण त्यातून इंद्रधनुष्यी पट्ट्यांसारखा दिसतो. लेन्स बदलण्याचा विचारही नको. २४-१०५ सारखी एकच लेन्स घेऊन बसावे. सुटलेली वस्तू पायाखालच्या नियंत्रणांत अडकली तर दोघांच्या जिवाशी गाठ असते.

सगळ्यांत मोठी काळजी इजेक्शन सीटच्या मुठीची. पुष्कळ विमानांत ती मांड्यांमध्ये असते, नेमकी कॅमेऱ्याचा पट्टा लोंबतो तिथे. २०१९ च्या मार्चमध्ये फ्रान्समधल्या सां-दिझिए तळावरून राफालच्या मागच्या सीटवर एका ६४ वर्षांच्या नागरिकाला सहकाऱ्यांनी भेट म्हणून सफर घडवली. विमान एकदम सरळ झाले, तो सीटवरून उचलला गेला, घाबरून हाताला लागेल ते धरले, आणि ते इजेक्शनचे हँडल होते. गृहस्थ हवाई छत्रीने खाली उतरले आणि वाचले. नियमाप्रमाणे वैमानिकही बाहेर फेकला जायला हवा होता, पण यंत्रणेतल्या बिघाडामुळे त्याची सीट सुटली नाही आणि त्याने विमान सुखरूप उतरवले. छायाचित्रकाराने गळ्यातला पट्टा काढून ठेवावा आणि उड्डाणाआधीची माहिती बैठक कान देऊन ऐकावी. कुठल्या क्रमाने कोण कुठे जाणार, संपर्क तुटला तर काय, सूर्य कुठल्या बाजूला ठेवायचा, हे जमिनीवरच ठरते. हवेत ठरवायला कुणी मोकळे नसते.

ही सीट तिकिटावर मिळत नाही, हेही सांगून टाकतो. अमेरिकेत अशी विमाने प्रायोगिक वर्गात नोंदवलेली असतात आणि पैसे घेऊन प्रवासी नेण्याला सहसा मनाई असते. ब्रिटनने काही संस्थांना, प्रवाशाने धोका समजून लेखी संमती दिल्यास, सशुल्क सफरीची मुभा दिली आहे. बाकी सगळे निमंत्रणावर चालते.

गंमत अशी की जुनी जेट ट्रेनर विमाने केवळ कॅमेऱ्यासमोर नाहीत, मागेही आहेत. बोइंग कंपनीने स्वतःच्या मालकीची टी-३३ विमाने दशकानुदशके पाळली, ती नव्या प्रवासी विमानांच्या चाचणी उड्डाणांत सोबत राहून त्यांचे निरीक्षण आणि चित्रण करण्यासाठी. ‘टॉप गन : मॅव्हरिक’ या २०२२ मध्ये आलेल्या चित्रपटातली कितीतरी हवाई दृश्ये नाकावर फिरता कॅमेरा बसवलेल्या खासगी एल-३९ ने टिपली. पडद्यावर लोकांनी एफ-१८ पाहिले. ते दाखवणाऱ्या चेकोस्लोव्हाक विमानाचे नाव फारच थोड्यांना ठाऊक आहे.

भारतात खासगी लष्करी जेट ही गोष्ट नाही. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचे किरण हे आपले स्वतःचे जेट ट्रेनर. ते ४ सप्टेंबर १९६४ ला पहिल्यांदा उडाले, त्यातही गुरू-शिष्य शेजारीच बसतात, आणि त्याचे सुरुवातीचे वायपर इंजिन जेट प्रोव्होस्टच्याच घराण्यातले. १९९६ साली बीदरला उभ्या राहिलेल्या सूर्यकिरण पथकाने हेच उडवले. लोहगावसारख्या हवाई दलाच्या तळावर कुंपणाबाहेरून कॅमेरा रोखू नये. कायदा त्याला हौस मानत नाही. सराव करायचा तर गोव्यात दाबोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयात जावे. तिथे दोन सीटांचे व्हॅम्पायर उभे आहे, सी हॉक आहे, आणि ही विमाने उघड्यावर असल्यामुळे दिवसभर बदलणाऱ्या प्रकाशात रुंद नाकाचा, शेजारच्या दोन सीटांचा, कॅनॉपीवरच्या चमकेचा हवा तेवढा अभ्यास करता येतो.

शेवटी एक विनंती. फोटो काढलात की नोंद करा, आणि केवळ रंग पाहून करू नका. या विमानांच्या अंगावरचा क्रमांक खरा असेलच असे नाही. ब्रिटनमध्ये नागरी नोंदणीची अक्षरे न लावता जुनी लष्करी खूण मिरवायची सवलत मिळते, अमेरिकेत जुन्या विमानांवर नोंदणी अवघ्या २ इंच उंचीची चालते. नॉर्थ वील्डचे पिवळे नॅट एक्सआर ९९२ हा क्रमांक लावून उडायचे. ते मुळात एक्सआर ९९१ आहे, आणि पिवळा रंग आहे रेड ॲरोजच्या आधीच्या, १९६४ च्या यलोजॅक्स पथकाचा. वीस वर्षांनी कुणी एखादे विमान पुन्हा उभे करायला घेतले तर त्याला कसरतीचा फोटो कामाचा नसतो. पोटावरची अक्षरे, चाकांचे कप्पे, पॅनेलवरच्या सूचना, मागच्या सीटचा यंत्रफलक, हे हवे असते. ते टिपा, आणि प्रत्येक फोटोखाली तारीख, ठिकाण, लष्करी क्रमांक आणि नागरी नोंदणी लिहून ठेवा.